चार वाट्या शंख

फाल्गुन सरत आला की आमच्याकडे प्रॅक्टिकल परीक्षा लागतात. इंदूरबाहेर, राऊच्या पुढे उघड्या माळावर असलेली आमच्या कॉलेजची इमारत सकाळी दहालाच तापते, पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत राहतात, आणि लॅबमधल्या लांब टेबलांवर मी स्पॉटिंगचे नमुने मांडते. प्रत्येक नमुन्यापुढे नंबराची चिठ्ठी. घंटी वाजली की मुलांनी एक जागा पुढे सरकायचं, समोर असेल ते ओळखायचं आणि दोन ओळींत कारण लिहायचं. रंगपंचमी नुकतीच झालेली असते. गेरच्या मिरवणुकीत नाचून आलेल्या मुलांच्या कानामागे गुलाबी रंग तसाच असतो आणि चेहरे मात्र परीक्षेने उतरलेले.

यंदा बारा आणि तेरा नंबरापुढे एक मुलगी अडून राहिली. तिथे मी वाटाण्याएवढे दोन समुद्री शंख ठेवले होते. एकावर तपकिरी नागमोडी रेघा, दुसरा कोरा गुलाबी. तिने दोनदा भिंग लावून पाहिलं, मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "मॅम, हे दोन्ही सेमच तो आहेत ना? बस कलर अलग आहे."

परीक्षकाने बोलायचं नसतं. "पुढे सरक," एवढंच मी म्हणाले, पण मला हसू आवरेना. या पोरीला अर्ध्या मिनिटात जे दिसलं, ते दिसायला मला आणि माझ्या मॅडमना एक अख्खा उन्हाळा लागला होता.

मॅडम म्हणजे आमच्या शरयू मॅडम. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली प्रबंध करत होते आणि त्यांचं ते निवृत्तीचं वर्ष होतं. घराणं जुनं इंदूरचं. आजोबा संस्थानच्या दफ्तरात, वडील शाळामास्तर, आणि मॅडम कॉलेजात गोगलगायी शिकवायच्या. त्याही समुद्रातल्या! इंदूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. त्यात मॅडमना गाडी लागायची. कृष्णपुऱ्यातल्या घरून विजय नगरला सिटी बसने जायचं म्हटलं तरी पर्समध्ये लिंबू असायचं. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, धाकट्या बहिणीच्या लग्नाला देवगडला गेल्या तेव्हा, तोही वरातीच्या गडबडीत आणि लांबून. पण वर्गात भरती-ओहोटी अशी सांगायच्या की आम्हाला पायाखालची वाळू सरकल्यासारखी वाटायची.

ती धाकटी बहीण म्हणजे विजूमावशी. इंदूरची मुलगी कोकणात पडली, तिला समुद्र मिळाला आणि तिची शेव सुटली. मग दोघी बहिणींनी आपसात सोय लावून घेतली. इकडून लवंगेची शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण जायचं, तिकडून कोकम, कुळथाचं पीठ, मोसमात आंबे, आणि पेटीच्या तळाशी एका डब्यात हे छोटे शंख. वीस-बावीस वर्षं हे चाललं होतं. डबा उघडला की मॅडम आधी शंखांशी बोलायच्या. "या, या. प्रवासात फार हाल नाही ना झाले?" असं विचारायच्या. नवरा-मुलं नसलेल्या बाईने एवढं बोललं तर बिघडलं कुठे, असं आम्ही मुली म्हणायचो, आणि मग आम्हीही कधी त्या शंखांशी बोलायला लागलो ते कळलं नाही.

छोट्या शंखांचं वर्गीकरण म्हणजे मुख्यतः बघत बसणं. कॅलिपरच्या चिमट्यात धरून उंची घ्यायची, रुंदी घ्यायची, वेटोळी मोजायची, तोंड गोल की लांबट ते लिहायचं, रंग लिहायचा. मग सारख्याला सारखा जोडत ढीग करायचे. सगळा खेळ दोन ढिगांमधल्या मोकळ्या जागेवर चालतो. या ढिगातून त्या ढिगात जाताना मधला, दोघांसारखा थोडा थोडा दिसणारा एकही शंख सापडत नसेल, तर ते दोन प्रकार वेगळे म्हणायचे. मधले सापडत गेले तर ढीग कितीही वेगळे दिसोत, प्राणी एकच. मॅडम म्हणायच्या, "निसर्ग चेहरा बदलतो गं, ओळख नाही बदलत. आपलं काम ओळख धरायचं."

त्यांनी देवगडच्या शंखांचे चार प्रकार केले होते. नागमोडी, पट्टेवाला, ठिपकेवाला आणि कोरा गुलाबी. पहिले तीन पुस्तकांत कुठे ना कुठे भेटत होते. कोरा गुलाबी मात्र कुठेच नव्हता. तो जरा उंच, शेंड्याला टोकदार, आणि अंगावर एक रेघ म्हणून नाही. ही नवीन जात आहे अशी मॅडमची खात्री झाली होती. निवृत्तीआधी तिच्यावर लेख पाठवायचा आणि तिला बहिणीचं, विजयाचं नाव द्यायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. विजूमावशीला हे कळवलं मात्र, देवगडात कुणाला सांगायचं बाकी राहिलं नाही. देवळात, बाजारात, एसटी स्टँडवर, सगळीकडे. मासळीवाल्या बायका तिला विचारायच्या, "काय वो, तुमची गोगलगाय इली काय?"

माझा प्रबंध त्या लेखाचा पुरावा होता. हजारावर शंख मी मोजले. मॅडमच्या घरी खिडकीपाशी टेबल होतं, तिथून कृष्णपुऱ्याच्या जुन्या दगडी छत्र्या दिसायच्या आणि खालून रिक्षांचा आवाज यायचा. तिथे बसून पाठ धरायची, डोळे चुरचुरायचे, पण शेवटी जेव्हा आलेख काढला तेव्हा माझा विश्वास बसेना. चार टेकड्या, चौघींच्या मध्ये स्वच्छ मोकळं मैदान. एकही ठिपका चुकून दुसरीकडे गेलेला नाही. मॅडमनी तो कागद हातात धरला आणि म्हणाल्या, "बघ, कशा समजूतदार आहेत माझ्या पोरी."

इतकं स्वच्छ जगात काही नसतं, हे तेव्हा मला कुणी सांगायला हवं होतं.

त्या वर्षी विजूमावशी रंगपंचमीला आली. दोन गाड्या बदलून, गुडघे दुखत असताना, कारण गेर बघून तिला कित्येक वर्षं झाली होती. ठेंगणी, गोरीपान, बोलायला लागली की थांबा म्हणायची सोय नाही. देवगडात अस्सल कोकणी गृहिणी असणारी ही बाई इंदूरला पाय ठेवताच पक्की इंदोरी व्हायची. सकाळी सकाळी मला घेऊन पोह्यांच्या ठेल्यावर गेली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "भिया, जिरावण जरा दिल खोल के डालना. समंदर किनारे से आ री हूँ, वहाँ कोई नी पूछता." तो हसला आणि त्याने तिच्या प्लेटमध्ये मूठभर शेव जास्त टाकली. "बघ," ती मला म्हणाली, "याला म्हणतात माहेर."

या खेपेला तिने शंख डब्यात आणले नव्हते. कापडी पिशवीत तसेच भरून आणले होते. "निघायच्या गडबडीत वेळच झाला नाही गं. इथे बसून निवडते," म्हणाली. मॅडम परीक्षेच्या मीटिंगला कॉलेजात गेल्या होत्या. मी टेबलाशी कॅलिपर घेऊन बसले होते. मावशीने चष्मा लावला, मोठी परात घेतली, शेजारी चार वाट्या मांडल्या, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि खिडकीतल्या उजेडात पिशवी परातीत ओतली. मग तांदूळ निवडतात तसा तिचा हात चालायला लागला. बोटांनी पसरायचं, अंगठ्याने पुढे ओढायचं, वाटीत टाकायचं किंवा कागदावर उडवायचं. बोलणं चालूच. सुनेचं, आंब्याच्या मोहोराचं, गेरमध्ये एवढं पाणी वाया जातं त्याचं. मी आपली ऐकत होते. मग सहज माझं लक्ष कागदाकडे गेलं. कागदावरचा ढीग चारी वाट्यांपेक्षा मोठा झाला होता.

"मावशी, ते बाजूला काय?"

"ते टाकायचे. ना धड पट्टे, ना धड ठिपके." तिने एक उचलून मला दाखवला. "हा बघ. अर्धा छान गुलाबी, आणि मध्येच नागमोडी उगवलीये. मेल्याला ठरवता नाही आलं. असलं ताईला पाठवायचं का?"

"दर वर्षी काढता?"

"तर! पहिल्या वर्षी तिने लिहिलं होतं, हे चार प्रकार दिसतात म्हणून. तेव्हापासून चार वाट्या घेऊनच बसते मी. निम्म्याहून जास्त टाकायचेच निघतात. आमच्या अबोलीच्या कुंड्या भरल्यात त्यांनी."

मी कॅलिपर खाली ठेवला. आलेखातलं ते स्वच्छ मैदान समुद्राने केलेलं नव्हतं, या गोऱ्यापान हातांनी दर वर्षी झाडून काढलेलं होतं. आणि त्यात तिची चूक तरी काय शोधायची? माहेरी पाठवायची वस्तू निवडूनच पाठवतात. आंबा पाठवायचा तर डाग नसलेला, पोहे पाठवायचे तर चाळलेले. डागाळलेलं, मोडकं आपण खायचं. आपल्याकडे कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही.

विजय नगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये आता तांदूळ बंद पिशवीत येतो आणि त्यात शोधूनही खडा सापडत नाही. तरी कुकर लावायच्या आधी मी तो ताटात काढते आणि एकदा बोटं फिरवते. माझी मुलगी म्हणते, "मम्मी, टाइम वेस्ट का करतेस?" हाताला सवय आहे एवढंच. पण कधीकधी बोटं फिरवताना वाटतं, आपण माणसंही अशीच निवडत आलो की काय. ना धड इकडचे, ना धड तिकडचे असे कितीतरी बाजूच्या कागदावर उडवले असतील. आम्ही इंदूरचे मराठी लोक तरी दुसरं काय आहोत? पुण्याच्या पाहुण्यांना आमची मराठी ऐकून हसू येतं आणि इथल्यांना आमची हिंदी. आमच्यासाठी वाटी कुणी मांडलेली नाही, आणि तरी आम्ही मजेत आहोत.

त्या दिवशी मावशी चहा करायला उठली तेव्हा कागदावरचे ते शंख मी माझ्या कंपासपेटीत भरून घेतले. मावशी असेपर्यंत गप्प राहिले. गेरला गेले, रंगले, पुरणपोळी खाल्ली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. ती परत गेल्यावर दोन दिवसांनी मॅडमसमोर पांढरा कागद पसरला आणि एका टोकाला कोरा गुलाबी, दुसऱ्या टोकाला नागमोडी ठेवून मधले एकेक लावत गेले.

मॅडम आधी चिडल्या. "झिजलेले असतील हे. उन्हाने रंग जातो, एवढं माहीत नाही तुला?" मग भिंग घेतलं. मग माझे दोन शंख उचलून त्यांनी स्वतःच त्यांची जागा बदलली, कारण माझ्यापेक्षा त्यांना बरोबर क्रम दिसत होता. मावशी कशी निवडते ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वीस वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही, विजू, तू उचलतेस कशी," त्या म्हणाल्या. "फर्स्ट इयरच्या पोराला पहिला प्रश्न हाच विचारते मी. नमुने कुणी, कुठून, कसे घेतले. आपल्या माणसाला विचारायचं सुचतच नाही बघ."

कंपासपेटीभर शंखांनी काही सिद्ध होत नव्हतं. किनाऱ्यावरून एका जागचे, न निवडता उचललेले हवे होते. ते मावशीशिवाय कोण देणार? आणि तिला खरं सांगायचं म्हणजे तिची गोगलगाय काढून घ्यायची. मॅडमना ते सांगवेना. शेवटी निदान टाकलेले तरी हाती यावेत म्हणून त्यांनी, बहुधा जन्मात पहिल्यांदा, थाप मारली. मला कुंड्यांत घालायला शंख हवेत, तुझ्या अबोलीतले पाठव, म्हणाल्या. आठवड्याने पार्सल आलं. अबोलीतले शंख साबणाच्या पाण्यात धुवून, उन्हात वाळवून, त्यातले फुटके काढून, कसेबसे रंग जुळवून चार पुड्यांत बांधलेले! वर लिहिलं होतं, 'ताईच्या कुंड्यांसाठी'. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "सांगावंच लागेल."

चार वाजता मावशीचा रोज फोन यायचा. मॅडमना कमी ऐकू येई, त्यामुळे फोन स्पीकरवरच असायचा. मी उठून जायला लागले तर त्यांनी हातानेच बस म्हटलं.

"विजू, मला नवे शंख हवेत. पण या वेळी निवडू नकोस."

"का गं? खराब निघाले का?"

"चांगले निघाले. फारच चांगले निघाले. तू मधले काढून टाकत होतीस ना, मला तेच हवे होते."

मावशी म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे घोळ झाला?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! मी मॅडमकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हणा, काय जातं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"हो. तुझ्यामुळे, आणि माझ्यामुळे जास्ती. विचारायला मी हवं होतं."

"आणि ती माझ्या नावाची?"

"ती वेगळी नाहीच गं विजू. बहुतेक सगळ्या एकच आहेत."

"बरं," मावशी म्हणाली. आणि फोन ठेवला. ती कधी एका शब्दात बोललेली मी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चारला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मॅडमनी केला तर उचलला नाही. चैत्र लागला होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, खालच्या कडुनिंबाला बारीक पांढरा मोहोर आला होता आणि त्याचा कडूगोड वास दुपारभर घरात यायचा. मी कैरीचं पन्हं करून न्यायची आणि आम्ही दोघी ते प्यायचो. प्रबंध द्यायची तारीख जवळ येत होती, माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण मॅडमच्या डोक्यात प्रबंधही नव्हता आणि लेखही नव्हता. पावणेचार वाजले की त्या चहा टाकायच्या आणि फोन कपाशेजारी आणून ठेवायच्या.

"रागावल्यात का हो मावशी?" मी एकदा विचारलं.

"रागावली तर बरं आहे. नावाचं तिला काही नाही, चार दिवस हसतील लोक आणि विसरतील. पण वीस वर्षं तिने मायेने केलं, आणि ते चुकलं असं मी तिला फोनवर सांगितलं. मला दुसरं कोण आहे गं तिच्याशिवाय?"

मला तेव्हा विज्ञानाचा राग आला होता, हे कबूल करते. एका गोगलगायीचे चार प्रकार असले काय आणि एक असला काय, कुणाचं अडलं होतं? आज वर्गात उभी राहून मी असं म्हणणार नाही. पण त्या दुपारी त्या थंड होत जाणाऱ्या कपासमोर मला तसंच वाटलं होतं.

पुढे तो लेख मॅडमनी पाठवलाच नाही. माझ्या प्रबंधाचं नाव बदललं, चाराचा एक झाला, आणि तो देताना आम्हाला वाईट वाटलं नाही. पण त्याआधी, अकराव्या दिवशी, ते पार्सल आलं.

खोकं इतकं जड होतं की आम्ही दोघींनी धरून ते आत घेतलं. आत जाड प्लास्टिकची पिशवी, सुतळीने आवळलेली. मी ती परातीत उलटी केली तशी ओलसर वाळू धपकन पडली. वाळूत फुटके शिंपले, खेकड्याची नांगी, सुरूच्या काड्या, जाळ्याचा निळा धागा, आणि सगळीकडे ते शंख. धुरकट, झिजलेले, अर्धे पट्ट्यांचे, अर्धे ठिपक्यांचे, गुलाबी होता होता विचार बदललेले. मी अधाशासारखी कागदावर रांग लावायला लागले. पट्ट्यातून ठिपक्यात, ठिपक्यातून नागमोडीत, नागमोडीतून कोऱ्या गुलाबीत, कुठेच फट राहीना. "मॅडम, बघा तरी! मधले किती आहेत ते!" मी ओरडले.

मॅडम शंखांकडे बघतच नव्हत्या. त्यांच्या हातात खोक्यातून निघालेली चिठ्ठी होती. वाचून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. एरवी चार-चार पानं लिहिणाऱ्या मावशीने तीन ओळी लिहिल्या होत्या.

'ताई, ओहोटीला गेले, एका जागचं करवंटीने उचललं, तसंच भरलं. बघितलंसुद्धा नाही. हात लावलेला नाही. विजू.'

मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. "एवढे शंख समोर असताना तिने हात आवरला," त्या म्हणाल्या. "किती जड गेलं असेल गं तिला."